विहीणबाई, आरोग्य मंत्रालय

गेल्या ऑगस्टात, बहारीनमध्ये माणसं उगाचच फ्रिज उघडून समोर उभी राहतात त्या दिवसांत, शेजारच्या नेरूरकरकाकींनी आमच्या अख्ख्या मजल्यावर खापरोळ्या वाटल्या. नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या, गरम गरम. दार उघडलं तर काकी घामाने निथळत होत्या आणि चेहरा मात्र पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखा.

"काय विशेष, काकी?"

"आबांका काढल्यानी गो!"

मला वाटलं, कुणी आजारी माणूस सुखरूप घरी आला. म्हणून मी विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलातून?"

"हॉस्पिटल खंयचा? खात्यातसून! अर्थखात्यातसून! थोरल्यांनी सकाळीच नारळ दिल्यानी. घे, गरम आसत तवसर खा."

हे आबा म्हणजे मध्य अमेरिकेतल्या एका चिमुकल्या देशाचे अर्थमंत्री आणि थोरले म्हणजे तिथले राष्ट्राध्यक्ष. देशाचं नाव मी लिहीत नाही. पुढे जो देश येणार आहे तो बराचसा काकींच्या स्वयंपाकघरात शिजलेला आहे, नकाशावरच्या देशाने मनाला लावून घेऊ नये. त्या देशाने आजवर आम्हाला काहीही केलेलं नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना तो कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं, आणि बाकीच्या निम्म्यांना काकींनी सांगितलं म्हणून ठाऊक होतं.

काकींना पकडून ठेवायला माणसं आयती मिळतात, कारण त्या ब्लाउज शिवतात. उम्म अल हस्समपासून पार मुहर्रकपर्यंतच्या मराठी, गुजराती आणि कानडी बायका त्यांच्याकडे माप द्यायला येतात. एकदा का दोन्ही हात वर करून टेपच्या वेढ्यात उभं राहिलं, की माणूस कुठे जाणार? काकी तोंडात टाचण्या धरून मंत्रिमंडळाची बैठक सुरू करतात. "बाही कोपरापर्यंत ठेवू?" आणि "शिक्षणखात्याक एवढे पैशे कित्याक?" हे दोन प्रश्न त्या एका दमात विचारतात. मी कराडची, इथल्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, म्हणून मला त्या मास्तरणी म्हणतात. मास्तरणीला जगाचं ज्ञान हवं, असं त्यांचं मत. माझे सगळे ब्लाउज त्यांनीच शिवलेत, त्यामुळे मला ते भरपूर आहे.

त्यांच्या हॉलमध्ये, मराठी कॅलेंडर आणि देव्हारा यांच्या मधोमध एक मोठी फ्रेम आहे. राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभं असलेलं संपूर्ण मंत्रिमंडळ. इंटरनेटवरचा हा फोटो त्यांनी नईममधल्या एका स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला. पाकिस्तानी फोटोग्राफरने विचारलं, "शादी का है क्या?" काकींनी त्याला सांगितलं, "हां, लडकीवाले हम हैं."

आणि काकींच्या लेखी ते खरंच होतं.

त्यांची मुलगी मेघना बहारीनमध्येच वाढली. घरात आई मालवणीत बोलायची, मुलगी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची आणि दोघींचं भांडण तरीही सुरळीत चालायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत काकी तिला जबरदस्तीने देवनागरी गिरवायला बसवायच्या. पुढे ती शिकायला युरोपात गेली. तिथे तिला मातेओ नावाचा मुलगा भेटला आणि दोघांनी कोर्टात लग्न करून टाकलं. आईला कळलं ते फोनवर, लग्नानंतर. मग दोघं त्याच्या देशात राहायला गेली.

काकींना मुलगा परदेशी आहे याचं फारसं काही वाटलं नाही. त्याला त्या पहिल्या दिवसापासून माधव म्हणतात. त्यांना लागलं ते वेगळंच. याद्या नाहीत, सुपारी फुटली नाही, रुखवत नाही, व्याहीभेट नाही, रुसायला विहीण नाही आणि समजूत काढायला कुणी नाही. मुलाला आईवडील नव्हते, आजीने वाढवलेला, तीही गेलेली. "भांडाण करूचा म्हटला तरी समोर कोणतरी होया ना गो!" असं त्या एकदा मला म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं, "आईक इचारूक नाय, मगे आईशी बोलूक पण नको." मुलगीही त्यांचीच. तिने ऐकलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

काका, म्हणजे वासुदेव नेरूरकर, बुसैतीनच्या एका गॅरेजमध्ये सुट्या भागांचं स्टोअर सांभाळतात. ते रोज संध्याकाळी टायरमधली हवा बघायला खाली पार्किंगमध्ये जातात आणि गाडीत बसून मुलीशी बोलतात. त्या टायरमध्ये एवढी हवा आहे की गाडी उडायला हवी. काकींना हे माहीत आहे. काकांना हे माहीत आहे की काकींना माहीत आहे. वर आल्यावर कुणीच काही बोलत नाही.

पण अबोला धरला म्हणून आईची काळजी थोडीच अबोला धरते? महिन्याभरातच ती फ्रेम भिंतीवर आली.

"चेडवाक मी एका माणसाक नाय दिलंय, देशाक दिलंय," काकींनी मला समजावलं. "मगे सासर कोण? देश! आणि देश चालवतत कोण? हे!" आणि टेपचं टोक त्यांनी फ्रेमवर आपटलं. खरं तर त्यांनी मुलगी कुणालाच दिली नव्हती, ती आपली आपण गेली होती. पण हे टाचण्या लावून घेताना बोलायचं नसतं.

एकदा नातं ठरल्यावर बाकीचं आपोआप जमत गेलं. राष्ट्राध्यक्ष ते थोरले. अर्थमंत्री ते आबा, घरातले चिक्कू चुलत सासरे, ज्यांच्या हातून रुपया सुटत नाही. परराष्ट्रमंत्री ही नणंद, "पाय म्हणान घरात ठरणत नाय, बघशीत तेव्हा इमानात." बांधकाममंत्री थोरले दीर. ते दर आठवड्याला एका पुलाची फीत कापतात. काकींना संशय आहे की पूल एकच असावा आणि फीत तेवढी नवी. शेतीमंत्र्यांच्या प्रत्येक फोटोत हातात केळ्याचा घड असतो, म्हणून ते उपासवाले मामा. आणि दुसऱ्या पायरीवर मोत्यांची माळ घातलेली, ओठ घट्ट मिटलेली, धिप्पाड बाई म्हणजे आरोग्यमंत्री. ती विहीण. मेघनाची सासू.

"चेरो बघलंस?" काकी म्हणाल्या. "सुनेक सुखान जेवूक देयत असा वाटता तुका?"

मी म्हटलं, "काकी, त्या डॉक्टर आहेत म्हणे."

"मगे? डाक्टर सासू नसता?"

त्यांच्या मंत्रिमंडळाची बैठक तिकडे सकाळी भरते, तेव्हा इथे दिवेलागणीची वेळ असते. काकी देवाजवळ दिवा लावतात, मशीन बंद करतात आणि फोन घेऊन बसतात. फोन स्पॅनिशचं मराठी करून देतो. ते मराठी वाचून मंत्र्यांची कीव यावी. "महोदयांनी खड्ड्यांना मिठी मारण्याचे वचन दिले," असलं काहीतरी. पण काकींना त्यातून सगळं कळतं. माहेरी बसून सासरचं ओळखायची बायकांना सवयच असते, त्याला भाषा लागत नाही.

शपथविधी तर त्यांचा आवडता कार्यक्रम. मंत्र्याला शपथ विचारतात आणि तो हात वर करून म्हणतो, "सी, हूरो." म्हणजे होय, शपथ घेतो. काकींना हे इतकं पसंत पडलं की त्यांनी ते घरात आणलं. काका कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, कोथिंबीर आणायला निघाले की काकी दारात अडवतात. "येताना इसरतलास नाय ना? सी हूरो म्हणा." काका हात वर करून म्हणतात, "सी हूरो," आणि कोथिंबीर विसरून येतात. "मंत्र्यासारखेच आसत," असं म्हणून काकी पुदिना घालतात.

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तर त्यांनी कमाल केली. हॉलमधला एसी इतका वाढवलेला की बायका पैठण्यांवरून शाली पांघरून बसलेल्या. उखाण्याचा आग्रह झाला. काकी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या:

"थोरल्यांच्या मंत्रिमंडळात खाती आहेत बारा,
वासुदेवरावांचं नाव घेते, एसी जरा कमी करा!"

टाळ्या पडल्या. एसीही कमी झाला. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना मात्र वाटलं की हे मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे, आणि त्या दोन महिने काकींशी बोलल्या नाहीत. त्यांच्या कार्यकारिणीत खाती बाराच होती आणि तिथेही फीत कापण्यापलीकडे काही होत नव्हतं, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

अधिक महिन्यात काकींनी जावयासाठी अनारसे केले. जावई पृथ्वीच्या पलीकडे, मग त्यांनी ते ताट वर दिवा ठेवून फ्रेमपुढे मांडलं. थोरल्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "चूकभूल पदरात घ्या. आमी काय बाबा, मुलीकडची माणसां." हे त्यांचं पालुपद. पाणी गेलं, भाडं वाढलं, सुरमई महागली, तरी "आमी मुलीकडची माणसां, आमी काय बोलतलंव!" आणि एवढं म्हणून झालं की पुढचा तासभर बोलतात. अनारसे संध्याकाळी काकांनी बांधकामखात्याच्या वतीने खाल्ले.

पण काकींची खरी कामगिरी फोनवर होती. तिथल्या प्रत्येक मंत्रालयाचं पान इंटरनेटवर आहे. मंत्र्यांचे फोटो येतात, खाली लोक स्पॅनिशमध्ये वाहवा करतात नाहीतर शिव्या घालतात. त्या गर्दीत, अधूनमधून, शुद्ध देवनागरीत काकींचा मजकूर असायचा. त्या जुन्या अकरावीच्या. बोलताना मालवणी असली तरी लिहिताना मायन्याशिवाय लिहीत नाहीत.

अर्थमंत्र्यांच्या अंदाजपत्रकाखाली: "ती. आबांस, सा. न. वि. वि. हात जरा सैल सोडावा. घरात नवी सून आहे. लोणी आणि दूध यांत काटकसर करू नये."

परराष्ट्रमंत्र्यांच्या विमानतळावरच्या फोटोखाली: "वन्सं, येताना वहिनीसाठी काही आणलंत का? ती मागणार नाही. तिचा तसा स्वभाव नाही."

पुलाखाली: "भावोजी, अभिनंदन. मुलीला उंचावरून खाली बघवत नाही. पुलावरून नेताना मधल्या बाजूने न्यावे."

एका मंत्रालयाने चक्क उत्तर दिलं होतं. स्पॅनिशमध्ये. फोनने त्याचं मराठी केलं: "आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार, ती संबंधित विभागाकडे धावत गेली आहे." काकींनी मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "माणसां तशी सभ्य आसत हां. उगाच कित्याक खोटा बोला?"

आम्ही सगळे हसायचो. माझा नवरा तर संध्याकाळी घरात शिरताना विचारायचा, "आज काकींच्या व्याह्यांनी काय केलं?" मीही हसायचे. मला ते त्यांचं वेड वाटायचं, आणि आखातात प्रत्येकाला एखादं वेड हवंच. कुणी बाल्कनीत कोथिंबीर लावतं, कुणी गावात बांधलेल्या बंद घराचे फोटो बघत बसतं. काकींनी एक सरकार पाळलं होतं, एवढंच.

एकदा मात्र हसू आलं नाही. त्या देशाच्या किनाऱ्याकडे मोठं वादळ निघालं होतं. मी शाळेतून आले तर काकींचं दार उघडं, मशीन बंद, आणि काकी जमिनीवर भिंतीला टेकून फोन बघत बसलेल्या. फोनवर पिवळ्या रेनकोटातले बांधकाममंत्री भर पावसात काहीतरी ओरडून सांगत होते.

"मास्तरणी, मेघूचा गाव दर्यापासून किती लांब गो?"

मी नकाशा काढून बघितलं. बरंच लांब होतं, मध्ये डोंगरही होते. मी तसं सांगितलं. काकी मान हलवत राहिल्या, पण ऐकत नव्हत्या. मग त्यांनी एका बोटाने सावकाश टाइप केलं: "चि. भावोजी, मुलगी विजेला घाबरते. कडाडली की पलंगाखाली शिरते. वय झाले तरी शिरते. कोणाला तरी तिच्याजवळ बसवावे. बाकी आपण कामाचे माणूस आहात हे दिसतेच आहे." काकांना फोन करून विचारा, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी उठून आत गेले. चहा करून दिला. तासाभराने त्यांनी फोनमध्ये पुन्हा डोकावून पाहिलं, एकदम उठल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.

"आता बरां आसा," म्हणाल्या.

"कसं कळलं?"

"कळलां."

मला वाटलं, वादळ वळलं असेल.

यंदाच्या हिवाळ्यात, मी असंच माप द्यायला जाऊन काकींचं मशीन थांबायची वाट बघत असताना, काका खालून टायर तपासून आले. चपला काढायलाही थांबले नाहीत.

"अगो, मेघूक सातवो लागलो."

काकींचं मशीन चालूच राहिलं. काका माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागले.

"आयकलंस मां? सातवो!"

"माका कोणी कळवूक नाय," काकी म्हणाल्या. मशीन आता इतक्या जोरात चालत होतं की कुणाची तरी बाही बेंबीपर्यंत शिवली गेली असावी. "सातव्याचो सांगावो सासरसून येवक होयो. तशी पद्धत आसा. आमी मुलीकडची माणसां."

आता मामला गंभीर झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा नियम. त्यासाठी मुलीने यायला हवं, किंवा आईने जायला हवं. त्यासाठी आधी कुणीतरी फोन करायला हवा. मुलगी म्हणत होती, आईने मला बोलू नको म्हटलंय, तर आईनेच बोलवावं. आई म्हणत होती, सासरहून निरोप येऊ दे. आणि सासर भिंतीवर होतं, राजवाड्याच्या पायऱ्यांवर. काका बिचारे दोघींच्या मध्ये. पार्किंगमध्ये जायचे, वर यायचे, आणि दिवसेंदिवस बारीक होत चालले. मला एकदा जिन्यात गाठून म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमीच सांगा. त्या चेडवाजवळ थयसर कोण नाय. बाळंतपण कोण करतला? आरोग्यमंत्री?"

मी काकींना सांगून बघितलं. त्यांनी माझ्या पाठीला टाचणी टोचली. चुकून, म्हणाल्या.

त्याच आठवड्यात आरोग्यमंत्र्यांनी कुठल्याशा प्रसूतिगृहाचं उद्घाटन केलं. मोत्यांची माळ, घट्ट मिटलेले ओठ आणि हातात कुणाचं तरी तान्हं बाळ. काकींनी त्या फोटोखाली लिहिलेला मजकूर मी त्यांच्या खांद्यावरून वाचला. आजवरचा सगळ्यात लांब.

"सौ. विहीणबाई यांसी, सा. न. वि. वि. आपल्या सुनेस सातवा लागल्याचे परस्पर समजले. आपण कळवले नाही, असो. तिचे रक्त लहानपणापासून कमी भरते. बीट द्यावे. कारल्याच्या वासाने तिला उलटी होते, तेव्हा घरात कारले आणू नये. डाव्या कुशीवर झोपवावे. सुईला घाबरते, सुई टोचताना दुसरीकडे बघायला सांगावे, मी तसेच करत असे. पहिले बाळंतपण माहेरी असते. मुलीस केव्हा पाठवता ते कळवावे. पाठवणार नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. कळावे."

"काकी," मी हसत म्हटलं, "हे वाचणार कोण तिथे?"

"ज्येका वाचूक येता, तो वाचतलो," काकी म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

चार-पाच दिवसांनी माझा ब्लाउज तयार झाला. दुपारची वेळ, मी घालून आरशासमोर उभी. काकी तोंडात टाचण्या धरून खांदा सारखा करत होत्या. मशीनवर ठेवलेला फोन वाजला. काकींनी मानेनेच खूण केली, बघ वायच काय तां.

मी फोन उचलला. आरोग्य मंत्रालयाचं पान होतं. काकींच्या त्या मजकुराखाली कुणीतरी उत्तर दिलं होतं. मराठीत. मी आधी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मग मला कळलं मी काय वाचतेय.

"सौ. विहीणबाई यांस, सा. न. वि. वि. तुमचे पत्र मिळाले. आम्ही कळवले नाही, आमची चूक झाली. बीट देतो. कारले आणत नाही. मुलीला डॉक्टर बोलले आता विमान नको. म्हणून आम्ही तिला पाठवू शकत नाही. पण आमच्या घरात बाळंतपण कोणाला येत नाही. आम्हाला फक्त मंत्रिपद येते. तरी तुम्ही यावे. आम्ही मानाने बोलावत आहोत. विमानतळावर माधव येईल. साडी आम्ही घेऊ. तुमची मुलगी रोज रडते असे नाही. पण कधी कधी रडते. तुमची, सासरची माणसे."

वर नाव होतं, मेघना. जन्मभर आईला इंग्लिशमध्ये उत्तर देणारी मेघना.

मी भराभर बाकीच्या मंत्रालयांची जुनी पानं उघडली. आबांचं लोणी, वन्संची विमानं, भावोजींचा पूल, वादळातला त्यांचा तो रेनकोट. काकींच्या प्रत्येक मजकुराखाली एक लाल बदाम होता, एकच, आणि प्रत्येक बदाम मेघनाचा. वादळाच्या दिवशी काकींना "कळलं" होतं ते असं. या दोघी इतकी वर्षं, एका अख्ख्या सरकारला मध्ये बसवून, एकमेकींशी बोलत होत्या आणि आम्ही खापरोळ्या खात हसत होतो.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

काकींनी तोंडातल्या टाचण्या काढून मशीनवरच्या छोट्या गादीत खोचल्या.

"त्या देशात देवनागरी वाचणारा दुसरा कोण आसा गो?"

"मग फोन का नाही केलात? एवढी वर्षं?"

"फोन केलंय असतंय तर भांडलंय असतंय. हयसर भांडूक जागा नाय. पाच माणसां बघतत." मग म्हणाल्या, "आणि बोलू नको म्हणान मीच सांगितलंय ना. आपलाच बोलणा गिळूचा कसा?"

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. चष्मा लावून स्वतः वाचलं. पुन्हा वाचलं.

"साडी घेवक म्हणतत," त्या म्हणाल्या. "बघलंस? रंग इचारूक नाय." आणि तिथेच, कापडांच्या तुकड्यांवर बसून, त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मी अर्ध्या टाचलेल्या ब्लाउजमध्ये त्यांच्याजवळ बसले. मलाही रडू आलं. बगलेत टाचण्या टोचत होत्या, पण ते काही कारण नव्हतं.

पुढचं सगळं काकांनी एखाद्या मंत्र्याला लाजवेल अशा वेगाने केलं. व्हिसा, तिकीट, दोन ठिकाणी विमान बदलायचं ते कागदावर मोठ्या अक्षरात. काकींनी डिंकाचे लाडू केले, अळीव घेतले, जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी शिवली. विमानतळावर निघताना म्हणाल्या, "व्याह्यांनी मानान बोलावल्यानी, म्हणान जातंय. नाय गेलंय तर बरां दिसना नाय." सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या गेल्यावर मजला शांत झाला. काका गॅरेजमधून येतात, भात लावतात, आणि बाल्कनीत बसून खुशाल मोठ्याने फोनवर बोलतात. नात झाली हे आम्हा सगळ्यांना त्यांच्या आरडाओरडीवरूनच कळलं.

मला मात्र एक खोड लागली. संध्याकाळी दिवा लावला की मी फोन घेऊन त्या मंत्रालयांच्या पानांवर जाऊन येते. थोरले बरे आहेत ना, भावोजींनी कुठली फीत कापली, नव्या आबांचा हात सैल आहे का. परवा उघडलं तर मोठी बातमी. थोरल्यांनी मंत्रिमंडळ बदललं, आणि आरोग्यमंत्र्यांना नारळ दिला होता. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "बरं." मग राहवेना. मी सरळ काकींना फोन लावला.

"काकी! बातमी बघितलीत का? विहीणबाईंना काढलं!"

पलीकडून काकी अगदी हळू आवाजात बोलल्या.

"कोण विहीणबाय?"

"अहो, तुमची! आरोग्य मंत्रालय!"

"हां, ती होय," काकी म्हणाल्या. मागे कुणीतरी अर्धवट झोपेत कुरकुरलं आणि मेघनाचा आवाज आला, आई, तिला माझ्याकडे दे. "आता नको गो मास्तरणी. बाळ निजता हा. मगे बोलतंय." आणि फोन ठेवला.

मी दारात येऊन उभी राहिले. समोर काकींच्या दाराला कुलूप होतं, काका अजून आले नव्हते. एवढी मोठी बातमी आणि मजल्यावर सांगायला माणूस नाही. मला काकींची फार आठवण आली.